शेवटचा रकाना

हरभरा घाट्यावर आला की मला वार्निशचा वास येतो. बाकीच्यांना या दिवसांत हुळ्याचा वास येतो, ओल्या घाट्यांची झाडं काडीकचऱ्यावर भाजल्याचा. तो मलाही येतो, पण नंतर. आधी वार्निश. धामणगाव बढ्याला माझ्या मित्राचं, भास्करचं, पंपाच्या मोटारी भरायचं दुकान आहे, आणि गहू-हरभऱ्याला पाणी द्यायच्या याच दिवसांत शिवारातल्या मोटारी जळतात. जळकी मोटार उघडायची, आतली काळी पडलेली तार उपसून काढायची, तांब्याची नवी तार गुंडाळून बसवायची, वरून वार्निश देऊन वाळवायची. दुकानात शिरण्याआधीच तो वास रस्त्यावर भेटायला येतो.

तीन वर्षं मी त्या वासापर्यंत गेलो नव्हतो. यंदा जाणं भाग होतं. धाकट्या मुलीचं, अश्विनीचं, लग्न फाल्गुनात धरलं आहे. पत्रिका छापून आल्या. पहिली देवापुढे ठेवली. दुसरी कुठे न्यायची हे मला आणि माझ्या बायकोला, सुनंदाला, दोघांनाही ठाऊक होतं. ती घेतली जाईल की नाही, हे दोघांनाही ठाऊक नव्हतं. सोफ्यावर पत्रिकांचे गठ्ठे होते, पन्नास-पन्नासचे सात, आणि आम्ही दोघं त्यांच्याकडे बघत चहा पीत होतो.

मी बुलढाण्यात एका शाळेत लिपिक आहे. एकोणतीस वर्षं दाखले लिहितो. दाखल-खारीज रजिस्टरमध्ये एका मुलाची एक ओळ असते: नाव, जन्मतारीख, कुठून आला, कधी गेला, का गेला. ती ओळ चुकली तर त्या माणसाला पुढे कुठे कुठे अडचण येईल याची कल्पना असल्यामुळे मी दोनदा वाचून सही घेतो. या नोकरीने मला दोन गोष्टी दिल्या. एक सुवाच्य अक्षर आणि दुसरा संशय. जन्मतारखेवर खाडाखोड असली की कागद हातात येण्याआधीच मला समजतं. कोणी कारण नसताना गोड बोललं की माझा हात आपोआप चष्म्याकडे जातो.

थोरलीच्या लग्नात मी पाहुण्यांची वही केली होती. लांब वही, सोळा पानं, प्रत्येक पानावर दोन्ही बाजूंनी रेघा. अनुक्रमांक, नाव, गाव, नातं, पत्रिका कोणी दिली, आले की नाही आले, नाही आले तर का. नावं तीनशे शहाऐंशी. लग्न झाल्यावर आठ दिवसांत शेवटचा रकाना पूर्ण केला. ‘दवाखाना.’ ‘कापूस वेचणी.’ ‘पत्रिका उशिरा पोचली, चूक आपली.’ सुनंदा हसायची. म्हणायची, “लोकं लगनाचा आल्बम पाह्यतेत, हे वही पाह्यतेत.”

खरं आहे. अजूनही पाहतो.

भास्कर आणि मी मोताळ्याला एका वर्गात होतो. तो मला ‘बाबू’ म्हणतो. शाळेतल्या नोकरीच्या आधीपासून म्हणतो, कारण वर्गात हजेरी मीच घ्यायचो. त्याच्या दुकानात माझं एक ठरलेलं काम होतं. तार गुंडाळताना वेढे मोजावे लागतात. एका कॉइलमध्ये ठरलेले तितकेच वेढे हवेत. चार कमी झाले तर मोटार तापते, जास्त झाले तर खाचेत मावत नाही. भास्करला हात चालवताना बोलायची सवय, आणि बोलताना त्याचा आकडा चुकतो. म्हणून हिवाळ्यातल्या रविवारी मी राजूर घाट उतरून जायचो, पत्र्याच्या डब्यावर बसायचो आणि मोजायचो. तो बोलायचा, मी मनात आकडा धरून ‘हं’ म्हणायचो. आमची मैत्री अशी, एकाने बोलायचं आणि दुसऱ्याने मोजायचं.

गिऱ्हाईक त्याच्याशी काय बोलतं हे मी त्या डब्यावरून वर्षानुवर्षं ऐकलं. एकदा उंद्रीकडचा एक शेतकरी मोटार टेम्पोत घालून आला. भास्करने झाकण उघडून वास घेतला आणि सांगितलं, “हे आता भरू नको, भाऊ. दोन डाव भरून झाली. तिसऱ्या डावाले टिकत नाही. नवी घे.”

“अरे, तू भरून तं दे!”

“भरून देईन. अन मंग हरभरा वाळला का मले शिव्या देशीन.”

तो माणूस तणतणत मोटार परत घेऊन गेला. पुढच्या वर्षी आला तेव्हा त्याच्यासोबत भावाची आणि शेजाऱ्याची अशा दोन मोटारी होत्या. भास्करने आठवण काढली नाही, त्यानेही काढली नाही. मोटारींवर खडूने नावं लिहून झाली आणि दोघं चहाला गेले.

याच डब्यावर बसलेलो असताना एका रविवारी त्याने मला शुभांगीचं सांगितलं. शुभांगी त्याची एकुलती मुलगी. सासरहून परत आली होती, कायमची. गावात सांगितलं होतं की बी.एड. करायला आली आहे. “घरात कोनी बोलत नाही बे, बाबू. तिची माय सैपाकघरात रडते, अन हे पोरगी छतावर जाऊन बसते. तुले सांगून राह्यलो. दुसऱ्या कोनाले नाही.” त्या दिवशी माझी मोजणी चुकली. पूर्ण कॉइल उसवून पुन्हा गुंडाळावी लागली. आमच्या मैत्रीत तसं एकदाच झालं.

त्याच हंगामात आमच्या घरी सर आले.

सरांना नाव होतं, पण सगळे सर म्हणत. वय सव्वीस-सत्तावीस, पौषातल्या दुपारीही अंगात कोट. सुनंदा साड्यांना फॉल-पिको करते; तिची एक गिऱ्हाईक त्यांना घेऊन आली होती. टूथपेस्ट, भांड्याचं लिक्विड, डब्यातली प्रोटीनची भुकटी. आपण वापरायचं, ओळखीच्यांना वापरायला लावायचं, त्यांनी त्यांच्या ओळखीच्यांना. सुनंदाला स्वतःचं काही उभं करायचं होतं, मशिनच्या पायट्यापेक्षा मोठं. त्यात चूक काही नव्हती. मी कोपऱ्यात बसून मोजत होतो. पाऊण तासात सरांनी माझं नाव एकवीस वेळा घेतलं. माझी सख्खी बहीण दिवाळीच्या चार दिवसांत तितकं घेत नाही.

“काका, रिलेशन आधी, बिझनेस नंतर. प्रॉडक्टचं नाव पहिल्या भेटीत काढायचंच नाही. तब्येत विचारायची. मुलांचं विचारायचं. समोरच्याला बोलू द्यायचं.”

मला यातलं एकही वाक्य खोडता आलं नाही. माझे वडीलही कोणाकडे गेले की आधी तब्येत विचारत, मग मुलांचं. फक्त ते तिसऱ्या भेटीत काही काढत नसत. सरांनी सांगितलेली रीत नव्वद टक्के माझ्या वडिलांची होती आणि उरलेल्या दहा टक्क्यांनी मला रात्रभर कुशीवर वळायला लावलं.

त्यांनी सुनंदाला पहिलं काम दिलं: शंभर नावांची यादी. ती माझ्याकडे आली. “अहो, तुमची ते वही द्या ना.”

मी दिली. संशयी माणसाने दिली, हे लक्षात असू द्या. वही देताना मला वाटलं होतं की मी फक्त यादी देतो आहे.

संक्रांतीपासून रथसप्तमीपर्यंत आमच्याकडे हळदीकुंकवाचे दिवस. त्या वर्षी आमच्या घरचं वाण म्हणजे टूथपेस्टची छोटी ट्यूब. तेवीस बायका आल्या. ट्यूब हातात पडली की एकमेकींकडे बघून हसल्या, पदराखाली घातली आणि गेल्या. पुढच्या वर्षी नऊ आल्या. गव्हावर सकाळचं दव असायचं, स्प्रिंकलरचा टक-टक आवाज गावाबाहेरून घरापर्यंत यायचा, हरभऱ्यातून चालून आलं की पानांवरच्या आंबट आंबीने बूट पांढरे व्हायचे. दरवर्षीसारखाच हंगाम. फक्त ज्याच्या घरी जाऊ तो माणूस आमच्या हाताकडे बघायचा, पिशवी आहे का म्हणून.

मग मेळावा झाला. ज्या मंगल कार्यालयात थोरलीचं लग्न झालं, त्याच कार्यालयात. तीच लाल कापड चढवलेली खुर्ची, तोच स्टेज. जिथे माझी मुलगी उभी राहिली होती तिथे सर उभे होते. “कोण करणार?” ते विचारायचे, आणि लोक उभे राहून ओरडायचे, “मी करणार!” मी बसून राहिलो. शेजारच्या बाईने कोपर मारलं तरी बसून राहिलो. मनात म्हणत होतो, टाळ्या वाजवून धंदा होत असता तर शाळेच्या स्नेहसंमेलनानंतर सगळी पोरं कारखानदार झाली असती.

तेवढ्यात सरांनी एक वही वर धरली. लांब, निळ्या कापडी पाठीची. माझी.

“ही बघा! तीनशे शहाऐंशी माणसं. कोण आलं, कोण नाही, का नाही, सगळं! याला म्हणतात माणसं जोडणं! काका कुठे आहेत?”

सगळं कार्यालय टाळ्या वाजवत माझ्याकडे वळलं. सव्वीस वर्षांत माझ्या अक्षराला कोणी टाळी दिली नव्हती. मी उभा राहिलो. हात जोडले. आणि मला सांगायला लाज वाटते, पण डोळे भरून आले.

कार्यक्रमानंतर सर मला बाजूला घेऊन, वही परत देत म्हणाले, “काका, एकच रकाना कमी आहे. माणसाचं दुखणं. प्रत्येकाला काहीतरी सलत असतं. ते कळलं की आपण मदत करू शकतो.”

मदत, असंच म्हणाले.

पुढच्या रविवारी दुपारी अंगणात पाट मांडून मी पट्टी आणि लाल पेन घेतलं. प्रत्येक पानावर उजव्या कडेला रेघ मारली. वर लिहिलं, ‘दुखणं’. मग भरत गेलो. ‘गुडघे.’ ‘जावई पितो.’ ‘विहिरीवरून भावाशी तंटा.’ ‘मूल नाही, दवाखाने चालू.’ मला वाटलं होतं वीस-पंचवीस भरतील. ऊन अंगणातून ओट्यावर चढलं तोवर एकशे बावन्न भरले. लग्नात, मयतीत, बसमध्ये शेजारी बसून, दाखल्याच्या खिडकीत वाकून लोकांनी मला किती काय सांगितलं होतं! मला अभिमान वाटला. मी शेवटून पहिल्या पानापर्यंत पुन्हा तपासलं. अनुक्रमांक सत्तेचाळीस, भास्कर: ‘मुलगी सासरहून परत. गावात बी.एड. सांगतात.’

सरांनी घरी येऊन वही वाचली, आणि आठ दिवसांनी त्यांच्या गाडीतून आम्ही तिघं धामणगावला गेलो. भास्करने दुकानाचं शटर अर्धं ओढून घेतलं आणि मागच्या घरात बसवलं. सरांनी तब्येत विचारली. धंदा विचारला. “कस्टमर किती असतील तुमचे?”

“मोजले नाही. मी मोटारीवरून ओयखतो लोकायले,” भास्कर म्हणाला, आणि माझ्याकडे बघून डोळा मारला. ती त्याची शेवटची थट्टा.

शुभांगी चहा घेऊन आली. सर उठून उभे राहिले. “ताई, तुमचं सगळं कळलं मला. सासर सोडून यायला हिंमत लागते. बी.एड.चं कशाला सांगायचं लोकांना? याच हिमतीचा आपण बिझनेस करू!”

शुभांगीने ट्रे खाली ठेवला. कपांचा आवाज झाला नाही इतका हळू ठेवला. भास्कर सरांकडे बघत नव्हता. तो माझ्याकडे बघत होता.

“चहा घ्या,” तो म्हणाला.

आम्ही चहा घेतला. दुसरं काय करणार?

निघताना तो नेहमीसारखा फाटकापर्यंत आला. “बाबू,” तो म्हणाला, “तुह्या वहीत मी कितव्या नंबरवर हाय बे?”

मी सांगितलं, “सत्तेचाळीस.”

मला अजून कळत नाही की मी ते का सांगितलं. त्याला आकडा नको होता. पण विचारलं की बरोबर आकडा द्यायचा, इतकंच माझ्या जिभेला येत होतं.

घाट चढून सुनंदा आणि मी घरी उतरलो. सरांची गाडी गेल्यावर ओट्यावर बसून तिने चप्पल काढली. “मी यादी मांगतली होती,” ती म्हणाली. “दुखणं नव्हतं मांगतलं. ते तुम्ही तुमच्या मनानं भरलं.” दुसऱ्या दिवशी तिने डबे परत केले आणि पुन्हा मशिनवर बसली. यंदा हळदीकुंकवाला सतरा बायका आल्या. वाण स्टीलची चाळणी होतं.

मी मात्र तेवढ्या लवकर सुटलो नाही. आधी मी लोकांवर संशय घ्यायचो. आता स्वतःच्या तोंडून निघालेल्या ‘कसे आहात?’वरही घेतो. कोणाच्या आजारी आईची चौकशी केली की वाटतं, हे मी विचारतो आहे की भरतो आहे? सर आता कुठे असतात माहीत नाही, पण माझ्या वाढदिवसाला सकाळी सात वाजता त्यांचा निरोप येतो, फुलांसकट, न चुकता. भास्करला माझा वाढदिवस कधीच माहीत नव्हता. बेचाळीस वर्षांत त्याने तो विचारला नाही.

गेल्या रविवारी मी पत्रिका, अक्षदा आणि ती जुनी वही पिशवीत घालून निघालो. सुनंदाने विचारलं, “मी येऊ?” मग स्वतःच म्हणाली, “नको. दोघं गेलो तं त्याईले वाटीन इकायले आलो.”

घाटात ऊन होतं, खाली हरभरा पिवळसर पडायला लागला होता. वार्निशचा वास आला आणि मी स्कूटर बंद करून उरलेलं अंतर ढकलत गेलो.

दुकानात तार गुंडाळायच्या मशिनवर शुभांगी बसली होती. हात काळे, केस रुमालात बांधलेले. मशिनला आता आकडे दाखवणारा काउंटर होता. माझा पत्र्याचा डबा कोपऱ्यात होता, त्याच्यावर तारेचं रीळ ठेवलेलं. भास्कर एका उघड्या मोटारीत डोकं घालून होता.

“कशी हाय तब्येत?” मी विचारलं.

त्याने डोकं वर काढलं नाही. “तब्येत झाली. आता धंद्याचं इचार. मंग घरच्यायचं. अन कितव्या पायरीवर सामान काढतेत?”

“सामान नाही. अश्विनीचं लगन हाय. पत्रिका आनली.”

“ठेव तिथं.”

मी बाकावर ठेवली. अक्षदा मुठीतच राहिल्या. त्या हातावर द्यायच्या असतात. बाकावर ठेवता येत नाहीत. मी शुभांगीकडे वळलो. “पोरी, तुह्या बापानं मले भरोशानं सांगतलं होतं. मी ते लिहून ठेवलं. लिहायले नव्हतं पाह्यजे.”

तिने हँडल थांबवलं. “वही आनली, काका?”

मी दिली. तिने हात पुसून पानं उलटली. सत्तेचाळीसवर थांबेल असं मला वाटलं, पण ती थांबली नाही. शेवटपर्यंत वाचत गेली. बाप उभा राहून तिच्याकडे बघत होता.

“हे बाकीचे किती हायेत?”

“एकशे एक्कावन्न.”

“त्याईले माहीत हाय?”

मी तीन वर्षं फक्त भास्करचा विचार केला होता, कारण तिथे मी पकडला गेलो होतो. बाकीच्या एकशे एक्कावन्न जणांची दुखणी माझ्या कपाटात होती आणि ते मला रस्त्यात नमस्कार करत होते. “नाही,” मी म्हणालो.

“मंग माफी मलेच काऊन मांगून राह्यले?”

त्या लोकांना सांगीन, असं मी तिला कबूल केलं. म्हणून हे लिहितो आहे. नावं सगळी बदलली आहेत. तिचं हे नाव तिनेच निवडून दिलं. आकडे बदललेले नाहीत.

तिच्यापुढे मोटारीच्या खाचेत घालायचा कागद कापायची लांब कात्री होती. मी ती मागून घेतली आणि पहिल्या पानाची उजवी कड कापली. मग दुसऱ्या पानाची. मागच्या बाजूच्या दुखण्यांसाठी बांधणीकडची कडही कापावी लागली, त्यामुळे पानं सुटी झाली. सोळा पानं, बत्तीस पट्ट्या. तांबड्या अक्षरांच्या त्या पट्ट्या शुभांगीने जळकी तार भाजायच्या भट्टीत टाकल्या. उरलेली पानं हातात घेतली तेव्हा माझ्या लक्षात आलं: पुढच्या बाजूचं दुखणं जिथे होतं, त्याच्याच पाठीमागे मागच्या बाजूचे अनुक्रमांक होते. कडा गेल्या तसे अनुक्रमांकही गेले. नावं होती, गावं होती. क्रम नव्हता.

भास्कर जवळ आला. पानं चाळली. “आता मी कितवा बे?”

“नंबर नाही राह्यला.”

त्याने डब्यावरचं तारेचं रीळ उचलून खाली ठेवलं. मग मशिनपाशी बसला आणि हँडलवर हात ठेवला.

“मोज.”

“काउंटर हाय ना त्याले.”

“त्याच्यावर माहा भरोसा नाही,” तो म्हणाला. “तुह्यावरही नाही. मोज.”

मी डब्यावर बसलो. तो बोलला नाही, म्हणून मोजणं सोपं असायला हवं होतं. पण तो बोलत असताना मोजायची मला सवय. तार रिळावरून सरसरत होती. अक्षदा मुठीत घामाने ओल्या झाल्या होत्या. हँडल थांबलं.

“किती?”

“बाहत्तर.”

त्याने वाकून काउंटर पाहिला. शुभांगीनेही पाहिला. मग त्याने बाकावरची पत्रिका उचलून तिच्याकडे दिली, उजवा हात पायजम्याला पुसला, एकदा, दोनदा, आणि माझ्यापुढे धरला.